थांबा, कुठंतरी वाजतंय

उजवा हात वर, डावा ब्रेकवर, आणि मान एका बाजूला कललेली. कोंबडी दाणा टिपायच्या आधी बघते ना, तशी. मग ते वाक्य यायचं.

"थांबा. कुठंतरी वाजतंय."

आणि आम्ही थांबायचो. तीन सायकली, खडीवर घसरत, एकामागोमाग एक. हे दिवसातून एकदा झालं असतं तर मी आज लिहायला बसलो नसतो. हे दर किलोमीटरला व्हायचं. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्याबरोबर कुठे निघालं की पोचण्याची आशा घरीच ठेवून निघावं लागतं. माझ्या वाट्याला आलेला हा.

जर्मनीत आम्ही राहतो त्या झिंडेलफिंगेनहून रेनिंगेनला गाडी बदलून वाइल डेर श्टाटला उतरलं की तिथून व्युर्म नावाच्या नदीच्या काठाने एक खडीचा रस्ता फॉर्त्सहाइमपर्यंत जातो. नदी म्हणजे आपल्याकडचा बऱ्यापैकी ओढा. पण रस्ता सुरेख. मोटारींना बंदी, एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला जंगलाचा उतार. फॉर्त्सहाइमच्या अलीकडे ही व्युर्म नागोल्ड नावाच्या दुसऱ्या नदीला मिळते. मला तो संगम बघायचा होता. आपल्या माणसाला संगमाचं काय वेड असतं ते तुम्हाला सांगायला नको. तिथे घाट नाही, देऊळ नाही, फार तर एक बाक असेल, हे माहीत असूनही मला बघायचा होता. सगळं मिळून तीसेक किलोमीटर. जर्मन आजोबा-आजी दुपारच्या कॉफीपर्यंत जाऊन येतात. आम्ही दोन उन्हाळे जात होतो आणि एकदाही तिथवर पोचलो नव्हतो.

आम्ही म्हणजे मी, माझ्या बायकोची मैत्रीण मेघना, आणि ते. मेघना पुण्याची, इथे एका सॉफ्टवेअर कंपनीत. ते माझ्याच कंपनीत, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. पहिल्या दिवशी मी त्यांना सर म्हणालो. "सर शाळेत असतात. दादा म्हण," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना आवडणार नाही.

कंपनी छोटी, गाड्यांच्या सीटा बनवणारी. मी सीटांची ड्रॉइंगं करायचो आणि दादा त्या सीटांवर बसायचे. पगार याचाच. जाड भिंतींची एक बंद खोली, तिच्यात हलणारं टेबल, टेबलावर सीट आणि सीटवर डोळे मिटून दादा. खालून टेबल खड्ड्यांतून गेल्यासारखं हादरायचं आणि दादा ऐकत बसायचे, कुठे करकर, कुठे टिकटिक. खोलीत महागडे मायक्रोफोन होते. पण मायक्रोफोन आवाज आहे एवढंच सांगतो, तो गिऱ्हाइकाच्या डोक्यात जाणार की नाही ते दादा सांगायचे. त्यांची सही झाल्याशिवाय सीट पुढे जात नसे.

हा कान इचलकरंजीत तयार झालेला. वडील यंत्रमागावर होते आणि घर मागांच्या शेडला लागूनच. "माग बंद पडायच्या आधी बोलतो," दादा सांगायचे. "ऐकणारा पायजे. मी सहावीत असताना झोपेतनं उठून सांगायचो, तिसरा माग बिघडलाय म्हणून." याच्यापुढची गोष्टही त्यांनी पहिल्याच रविवारी सांगितली होती, सायकलला कुलूप लावता लावता, अगदी सहज. वडील पन्नाशीत ठार बहिरे झाले. आई त्यांना जेवायला हाक मारायची नाही, जाऊन खांद्याला हात लावायची.

"मी बावन्नचा आहे," दादा म्हणाले. "आठवड्यातनं एकदा कान तपासून घेतलेला बरा. गाड्या असल्या की काय कळत नाही, म्हणून हा रस्ता."

मी ते ऐकलं आणि टायरमधली हवा बघून घेण्याइतकंच मनावर घेतलं.

आता त्यांच्या करामती सांगतो, म्हणजे माझी बाजू तुम्हाला पटेल.

एकदा मेघनाच्या सायकलमधून टिक टिक येतेय म्हणून त्यांनी तिची चेन बघितली, पेडल बघितलं, सीट काढून परत बसवली. पाऊण तास. ती बिचारी गवतात बसून राहिली. शेवटी त्यांनी तिची पिशवी उघडली. आत जेवणाचा स्टीलचा डबा आणि डब्यात चमचा. "गेनाऊ! बरोबर!" दादा असे ओरडले की पलीकडच्या काठावरचा बगळा उडाला. मग त्यांनी तो चमचा कागदी रुमालात गुंडाळला, डब्यात परत ठेवला आणि डबा दोनदा हलवून बघितला. त्या दिवशी आम्ही सात किलोमीटर गेलो.

एकदा समोरून एक जर्मन आजोबा चाकांचा वॉकर ढकलत येत होते. वॉकरचं पुढचं चाक कुरकुरत होतं. दादांनी त्यांना थांबवलं, खिशातून तेलाची इवलीशी बाटली काढली आणि गुडघ्यावर बसले. आजोबा खूश. आजोबांनी त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन, सुनेचा स्वभाव आणि गावच्या चर्चची घंटा असं सगळं सांगितलं. दादा प्रत्येक वाक्याला जर्मनमध्ये "जा, जा", म्हणजे हो, हो, म्हणत होते. मी घड्याळ बघत होतो. परतीची गाडी तासाला एकच.

माझी मुलगी लीना एकदाच बरोबर आली. तेव्हा सहा वर्षांची होती. मराठी सगळं कळतं, बोलते जर्मन. तिच्या सायकलची घंटा काढून, साफ करून परत लावेपर्यंत तिचं आइस्क्रीम वितळलं. घरी येऊन तिने आईला सांगितलं की ती क्लापर-ओंकलबरोबर परत जाणार नाही. क्लापर म्हणजे खडखड, ओंकल म्हणजे काका. तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं हेच नाव पडलं.

वहिनींना, म्हणजे दादांच्या बायकोला, मी एकदा तक्रारीच्या सुरात म्हणालो, "वहिनी, तुम्ही कसं काय सहन करता हो?"

"तुम्ही रविवारी घेऊन जाता ना, तेवढीच शांतता," त्या म्हणाल्या. "फ्रिज वाजतो म्हणून तीनदा जागा बदलली त्याची. आणि मी हाक मारली तर मात्र ऐकू येत नाही. मुद्दाम करतात, दुसरं काय!"

आम्ही दोघंही हसलो होतो. ते हसणं मला आता आठवतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात दादांचं थांबणं थोडं बदललं. आता ते थांबून स्वतः शोधाशोध करायचे नाहीत. आमच्याकडे बघायचे. "तुला येतोय काही आवाज? आणि तुला?" मग खिशातून एक छोटी वही काढायची, पेन्सिल जिभेला लावायची आणि काहीतरी लिहायचं. या बदलाने वेळ वाचेल असं तुम्हाला वाटेल. छे! "येतोय" म्हटलं की पुढे चौकशी सुरू. कुठून? बारीक की जाड? खडी संपली की थांबतो का? मागे चालत जा आणि परत ऐक. मला आयुष्यात कधी इतके प्रश्न विचारले गेले नव्हते, व्हिसाच्या वेळीसुद्धा नाही.

आणि आवाज यायचा तो त्यांच्याच सायकलमधून. कॅरियरखालून एक बारीक किणकिण, खडीवर आलं की हमखास. मला तर हसूच यायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. इथल्या सगळ्या श्वाबिया प्रांताच्या सायकली दुरुस्त करत फिरणार आणि स्वतःची वाजते त्याचा पत्ता नाही. पण सांगायची सोय नव्हती. सांगितलं की अर्धा तास गेला.

तेव्हा एका दुपारी, दादा नदीवर हात धुवायला गेले असताना, मेघना मला म्हणाली, "हे बघ, मला कंटाळा आलाय. यापुढे त्यांनी विचारलं ना, काहीही वाजत असो, 'नाही' म्हणायचं. दोघांनी. ठरलं?"

"ठरलं," मी म्हणालो. वास्तविक हे मीच सुचवणार होतो.

पुढच्याच वळणावर हात वर झाला. "तुला येतोय काही आवाज?"

"नाही."

"मेघना, तुला?"

"नाही हो दादा. काहीच नाही."

कॅरियरखाली किणकिण नुकतीच थांबली होती. दादांनी आम्हा दोघांकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा मोकळा झाला की मला नवलच वाटलं. "बरं. छान," म्हणाले, वहीत टिपलं आणि निघाले. मला वाटलं, चला, यांनाही लवकर पोचायचं होतं तर.

तुम्ही म्हणाल, आता तरी संगम बघून झाला असेल. नाव नको. दादा खुशीत आले आणि खुशीत आले की त्यांना चहा लागायचा. थर्मास, तीन पेले, आल्याचा वेगळा डबा. थांबे कमी झाले आणि चहा वाढला. अशा रीतीने तोही उन्हाळा गेला. त्याच सुमारास कंपनीच्या डॉक्टरांकडून कान तपासणीची चिठ्ठी आली, ती दादांनी पुढे ढकलली. "आपली तपासणी चालू आहे की," मला म्हणाले. मी मान डोलावली. त्यांची कुठली तपासणी चालू होती हे मी विचारलंसुद्धा नाही.

फ्रान्सची कल्पना त्यांचीच. "तिथं एक नदी आहे. काठानं तीन दिवस जा, एक गाडी भेटत नाही. अशी शांतता इथंसुद्धा नाही." नदीचं नाव आम्हा तिघांपैकी कोणालाच उच्चारता येत नव्हतं. शेवटी आम्ही तिला नुसतं 'ती' म्हणू लागलो. मे महिन्यात सायकली गाडीत घातल्या, स्ट्रासबुर्गला उतरून आणखी एक छोटी गाडी पकडली आणि तिच्या काठाला लागलो.

दादा म्हणाले होते ते खरं होतं. पूर्वी घोडे ज्या वाटेने बोटी ओढायचे ती ही वाट, आता बारीक पांढरी खडी टाकलेली. दोन्ही बाजूंना उंच सरळ झाडं, मधे मधे पाणी अडवायचे लाकडी दरवाजे, गावं अशी की दुपारी बारा वाजता सगळ्या खिडक्या बंद. बेकऱ्यासुद्धा बंद. पहिल्या दिवशी आम्ही मेघनाच्या डब्यातल्या थालीपिठांवर दिवस काढला, आणि चमचा अजून कागदातच होता. दादा मजेत होते. चार वेळा थांबले, चार वेळा विचारलं, चार वेळा आम्ही दोघं "नाही" म्हणालो. आता ते आमच्या तोंडून आपोआप येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला होता. पानही हलत नव्हतं. दादा पुढे, त्यांच्या मागे मेघना, शेवटी मी. तिचे पाय दुखत होते, रात्री झोप नीट झाली नव्हती, आणि ती एकदम म्हणाली, "अहो दादा, ते तुमच्या कॅरियरखालचं किणकिणणं आज फारच डोक्यात जातंय हो. काढून टाका ना एकदाचं."

दादांनी ब्रेक दाबला. हात वर केला नाही.

"कुठलं?"

"हेच की. वायसर सैल झाल्यासारखं."

"कधीपासनं येतंय तुला?"

मेघनाने माझ्याकडे बघितलं. तिच्या लक्षात आलं होतं, पण आता फार उशीर झाला होता. "नेहमीच येतं की ते," ती हळूच म्हणाली. "गेल्या वर्षीपासून."

दादा उतरले. सायकल झाडाला टेकवली, खाली बसले आणि कॅरियरखाली बोट घातलं. तिथे एका पातळ तारेला एक छोटं वायसर टांगलेलं होतं. सैल झालेलं नव्हतं. नीट मोजून, दोन गाठी मारून बांधलेलं होतं.

"मी बांधलंय," ते म्हणाले. "बारीक, उंच आवाज. वडिलांचे तेच आधी गेले. म्हटलं, तुम्हाला येतो आणि मला येत नाही असं झालं की समजायचं. गेल्या वर्षी मला यायचा बंद झाला. पण तुम्हीपण नाही म्हणालात. मला वाटलं, तार आखडली असेल. वाजतच नसेल."

त्यांनी वायसरला टिचकी मारली आणि आमच्याकडे बघितलं.

"आता वाजला?"

"वाजला," मी म्हणालो.

"हं," म्हणाले. पुन्हा एकदा टिचकी मारली. पुन्हा वाजला. मग त्यांनी खिशातली वही काढली आणि पानं उलटली. मी शेजारीच उभा होतो, मला दिसलं. तीन रकाने. मी, तो, ती. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातल्या त्या दुपारपासून तिन्ही रकान्यांत एकच शब्द, 'नाही', खालपर्यंत.

मला रडू येईल असं वाटलं आणि खरं सांगायचं तर रागही आला. आधी सांगायला काय झालं होतं या माणसाला? मग आठवलं, पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. मी तिथेच कबूल केलं. दादा, आम्ही मुद्दाम नाही म्हणत होतो, थांबायचा कंटाळा यायचा म्हणून. मेघना तर रडतच होती.

दादांनी वही मिटली. "आल्झो, तर मग," म्हणाले. "मायक्रोफोन चुकीचा निघाला तर मायक्रोफोनला शिव्या देत नाहीत. लावायच्या आधी तपासून घ्यायचा असतो. माझी चूक."

आता सांगा, अशा माणसाचं काय करायचं? चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

त्यानंतर दादा एकदाही थांबले नाहीत. चहालासुद्धा नाही. किणकिण पुढे चालली होती, आणि आम्ही दोघं तिच्या मागून. मुक्कामाच्या गावी पोचलो तेव्हा दुपारचे जेमतेम तीन वाजले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याबरोबर मी वेळेवर पोचलो होतो. बेकरी उघडी होती. मी तीन केक घेतले आणि तिघांनी लगेच खाल्ले, कारण भूक लागलेली होती.

परत आल्यावर दादा सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडे गेले आणि मंगळवारी साहेबांकडे. डॉक्टरांचा कागद स्वतःच टेबलावर ठेवला. शिवाय आणखी एक कागद. गेल्या वर्षभरात त्यांनी ज्या ज्या सीटांना सही दिली होती त्यांची यादी. "या सगळ्या परत ऐकल्या पायजेत," म्हणाले. कोणी मागितलं नव्हतं. मग नव्याने लागलेली एक जर्मन मुलगी त्या खोलीत बसली आणि दादा बाहेर टेबलाची बटणं दाबत राहिले. तीन आठवडे. दोन सीटा करकरल्या. दादांना त्या करकरताना ऐकू आल्या नाहीत, काचेतून त्या मुलीचा वर झालेला हात दिसला.

एवढं झाल्यावर मला कोणी म्हणू नये की आम्ही रविवारी थोडी थाप मारली एवढंच. तीस वर्षांत त्यांची एक सही परत आली नव्हती. त्या दोन सह्या आमच्या आहेत.

कंपनीने त्यांना कागदांचं काम दिलं. आठ महिने केलं, मग लवकर पेन्शन घेऊन इचलकरंजीला जायचं ठरवलं. वहिनींना विचारलं, इतक्या वर्षांनी करमेल का तिकडे? "तिकडं निदान सगळे ओरडूनच बोलतात," त्या म्हणाल्या. मग डबे भरता भरता थांबल्या. "मी आपली हाका मारून मारून चिडायचे हो. वाटायचं, मुद्दाम करतात." दादा खिडकीशी पाठमोरे बसून खोक्यांवर पत्ते लिहीत होते. वहिनी उठल्या, जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला आणि चहा पुढे ठेवला.

कानाचं मशीन मिळालं होतं, पण दादा ते खिशातच ठेवायचे. "खडी फार वाजते त्यात," अशी तक्रार. सायकल माझ्या तळघरात आणून ठेवली. मला हवी आहे का, हे विचारलं नाही. माझ्याकडे सायकल होती. आता दोन आहेत आणि तळघरात पाय ठेवायला जागा नाही.

गेल्या सप्टेंबरात एका रविवारी मी त्यांची सायकल काढली आणि वाइल डेर श्टाटला उतरलो. एकटाच. कुठेही थांबलो नाही. सगळा रस्ता कॅरियरखाली ते किणकिणत होतं आणि खरं सांगतो, डोक्यात जातं. ते इतकं डोक्यात जाणारं आहे की एक वर्ष त्याला नाही म्हणायला माणूस किती निगरगट्ट असावा लागतो, याचा मी तीस किलोमीटर विचार करत होतो.

संगम आला. व्युर्म येते आणि नागोल्डमध्ये शिरते. बाकसुद्धा नव्हता. मी दादांना व्हिडिओ कॉल लावला. ते दिसले, बनियनवर, मागे कुणाच्यातरी मागांचा खडखडाट, जो मला इथपर्यंत ऐकू येत होता आणि त्यांना नाही. मी पाणी दाखवलं. त्यांनी मान हलवली, मग हाताने खूण केली, खाली, खाली दाखव. मी फोन कॅरियरखाली धरला आणि वायसरला टिचकी मारली.

ते स्क्रीनच्या अगदी जवळ आले. वायसर हललेलं त्यांना दिसलं असणार. पण ते वायसरकडे बघून थांबले नाहीत. त्यांनी खूण केली, तोंड दाखव. मी फोन वर घेतला.

"वाजला?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा एक टिचकी मारली. नीट कान देऊन ऐकली, पार विरेपर्यंत.

"वाजला, दादा," मी सावकाश म्हणालो, माझे ओठ त्यांना दिसतील असे.

"बरं," म्हणाले. वही जवळच होती. त्यांनी पेन्सिल जिभेला लावली आणि माझ्या रकान्यात लिहून घेतलं.